हरणीच्या पसंतीचा जेट

उद्यमनगरातल्या जोतीराम मेस्त्रीला बिघडलेल्या इंजिनाचा आवाज सहन व्हायचा नाही. सख्ख्या मेहुणीच्या लग्नात पंगतीतून उष्ट्या हातानं उठून त्यानं मांडवातला जनरेटर नीट केला होता आणि परत येऊन जिलेबी मागितली होती. "माझं बोलणं ह्यास्नी ऐकू येत न्हाय, पर गल्लीच्या टोकाला गाडी अडखळली की लगीच कळतंय," असं त्याची बायको चिमणाबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. माझ्या गॅरेजातून अडखळणारी गाडी बाहेर पडली तर दुकानाला कुलूप लावीन, असं तो वीस वर्षं म्हणत आला होता. त्याची कमाई काय ती एवढीच, हे नाव.

त्या नावाला एकच डाग होता, गंगावेशीतला त्याचा दोस्त सयाजी गवळी. सयाजीची टू-स्ट्रोक मोटारसायकल दहा वर्षं धूर ओकत, उचक्या देत चालली होती. जोतीरामानं हात लावू का विचारलं की उत्तर ठरलेलं: "चालतीया की! कशाला बोटं घालतोस?" दरवर्षी दिवाळीच्या पाडव्याला सयाजी सायलेन्सर काढून तीच गाडी पळवायचा आणि शिंगं रंगवलेली, घुंगुरमाळ घातलेली त्याची हरणी म्हैस मागून धावायची. म्हैस गाडीमागं किती जिवाभावानं पळते, ह्यावर गवळ्याची इज्जत ठरते.

२००२च्या पाडव्याला सयाजी पडला, पाय मोडला. दोन चाकांवर तोल सावरणं पुन्हा जमेना. मग पुढच्या वर्षी जोतीरामानं त्याच्यासाठी चार चाकांची गाडी बांधायला घेतली; शिरोली एमआयडीसीतून पाइप आणले, रिक्षाची चाकं जोडली आणि मधोमध तेच जुनं इंजिन बसवलं. सायलेन्सर मात्र तिथं मावेना, म्हणून पत्र्याची पोट फुगलेली पुंगळी ठोकून घेतली.

पुंगळी मोकळी, त्यामुळं इंजिनाला हवा जास्त आणि पेट्रोल कमी पडू लागलं. प्लग काढला तर पांढराफटक! तसंच पळवलं असतं तर पिस्टन जागेवर जाम झाला असता. कार्ब्युरेटरमधला जेट म्हणजे पेट्रोल सोडणारी पितळी बोंडी. तिचं भोक केसभर वाढवायला हवं होतं. एवढं बारीक ड्रिल उद्यमनगरात कुणाकडं नव्हतं. जोतीराम थेट सोनारांच्या गुजरीत गेला. सोनारानं नथीचं काम बाजूला ठेवून जेट चिमट्यात धरला.

"पावणं, हे कुठल्या दागिन्याचं?"

"चार चाकांच्या," जोतीराम म्हणाला.

तिसऱ्या खेपेला प्लग चांगल्या गुळाच्या रंगाचा निघाला. इंजिन असं एकसुरात चालू लागलं की जोतीरामाचे डोळे भरून आले. दहा वर्षांचा डाग एकदाचा धुतला गेला होता.

पाडव्याला दोन दिवस उरले होते. सयाजीनं गाडी गोठ्यापुढं उभी करून ॲक्सिलरेटर पिळला, हाळी दिली. हरणी रवंथ करत बघत राहिली. तेवढ्यात कुणाची तरी उचक्या देणारी खटारा गाडी रस्त्यानं गेली, तशी बाईसाहेब उठल्या आणि तिच्यामागं चालू लागल्या.

"जोत्या, माझी म्हैस परक्याची केलीस!" सयाजी भर रस्त्यात ओरडला. "पाडव्याला अशी पळाली तर मी तोंड कुठं दाखवू?"

"म्हशीला शिकव की नवा आवाज."

"दोन दिवसांत म्हैस शिकत न्हाय. तू शीक!"

त्या दुपारी जोतीरामाला जेवण गेलं नाही. एकीकडं स्वतःचं नाव, दुसरीकडं दोस्ताची इज्जत. शेवटी तो शिव्या घालत पुन्हा गुजरीत गेला आणि जास्त पेट्रोल पाजून इंजिन परत अडखळवायला वाढत्या भोकांचे तीन जेट करून घेऊन गोठ्यापुढं बसला. पहिल्या जेटला हरणीनं ढुंकून पाहिलं नाही. दुसऱ्याला एक कान फिरवला. तिसऱ्याला इंजिनानं धूर ओकला, उचकी दिली, आणि हरणीनं दाव्यासकट खुंटा उपटला. जोतीरामानं प्लग काढला. कोळशासारखा काळा. त्यानं तो पुसलासुद्धा नाही.

पाडव्याला गंगावेशीत चार चाकांचं ते धूड धूर सोडत, अडखळत निघालं आणि हरणी सयाजीच्या पाठीला नाक लावून धावली. शिट्ट्यांनी रस्ता दणाणला. "हे खटारं कुणी ट्यून केलंय रं?" गर्दीतून कुणीतरी विचारलं. जोतीराम चटकन रसाच्या गाड्यामागं वाकला.

"उद्यमनगरचा जोतीराम!" सयाजीनं हात वर करून आरोळी ठोकली. "त्यो बघा, रसाच्या गाड्यामागं!"

जोतीरामाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण हरणी अशी काही पळत होती की त्याला हसूही आवरेना.

दुसऱ्या दिवशी तो कुलूप हातात घेऊनच गॅरेजवर गेला. बोललेला शब्द पाळायचा होता. दाराशी तीन गवळी आपापल्या गाड्या घेऊन उभे होते.

"मेस्त्री," त्यातला एक अदबीनं म्हणाला, "आमची गाडी लई गुळगुळीत चालतीया. सयाजीवानी बिघडवून द्या की."

"बिघडवायची कामं हितं होत न्हाईत!" जोतीराम खेकसला. मग हातातल्या कुलपाकडं बघितलं, ते खिशात टाकलं आणि विचारलं, "म्हैस कुठं हाय? तिला आणल्याबिगर मी जेटला हात लावणार न्हाय."