बुखारीच्या नळीतला बोळा

आमच्या गोठ्यात एक लोखंडी धूड पडलेलं असायचं. त्यात खुडूक कोंबडी बसायची. पाव्हणे विचारायचे, हे काय? सासूबाई मान ताठ करून सांगायच्या, "थोरल्यानं पलटणीतनं आणलेली बुखारी हाय." मला तिथंच हसू आणि राग एकदम यायचा. त्या धुडाचा खरा उपयोग सगळ्या सातारा जिल्ह्यात त्या कोंबडीलाच कळला होता.

थोरले दीर पलटणीत हवालदार. लढाई संपली त्या हिवाळ्यात ते क्वेट्याहून घरी आले. बाकीच्यांनी ट्रंका आणल्या, कांबळी आणली. ह्यांनी बैलगाडीत घालून बुखारी, म्हणजे खोली तापवायची लोखंडी शेगडी, आणली. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं! क्वेट्यात म्हणे पाण्याचा बर्फ होतो. होत असेल. आमच्याकडं पौषात पहाटे जरा काकडायला होतं आणि ऊन चढलं की घोंगडं फेकून द्यावं लागतं. पण हवालदारांना मिरवायचं होतं आणि त्याला निमित्त हवं होतं. निमित्त मी. मला नववा लागलेला. माझं माहेर सांगलीकडचं, पण आई लग्नाआधीच गेलेली, म्हणून हे दुसरं बाळंतपण सासरीच व्हायचं होतं. नवरा माधवनगरच्या गिरणीत कामाला. म्हणजे घरात माझ्या बाजूनं बोलणारं कोणी नाही.

आणि मी तरी बोलणार कशी? थोरल्या दिरासमोर धाकटीनं पदर पुढं ओढून भिंतीकडं तोंड करायचं, ही रीत. त्यांना मला काही सांगायचं असलं तर ते सासूबाईंना सांगायचे, आणि माझं उत्तरही सासूबाईंच्याच तोंडून जायचं. त्यातलं निम्मं त्या मधल्यामधे गिळायच्या.

बाळंतिणीची खोली एवढीशी. तिच्यात ते धूड उभं केलं, नाकापेक्षा मोती जड. भिंतीला भोक पाडून पत्र्याची नळी परसात काढली. सगळं गाव बघायला लोटलं. हवालदार बुखारीवर हात ठेवून सांगत होते, "साहेबाच्या खोलीत असतीया ही."

एका म्हाताऱ्यानं विचारलं, "हिच्यावर भाकरी हुतीया का रं?"

"न्हाई."

"मंग?"

हवालदार बुखारीवरची धूळ पुसायला लागले.

मला मुलगी झाली. पहिलीही मुलगीच. तिनं टाहो फोडला तशा सासूबाई म्हणाल्या, "पोरगीच हाय," आणि पाणी तापवायचं निमित्त काढून उठून गेल्या. मग बाळबाळंतिणीला वारं लागू नये म्हणून खिडकी शेणामातीनं लिंपली, दाराच्या फटीत चिंध्या कोंबल्या. शेकशेगडी आमच्या माहेरीही करतात. पण तिकडं शेगडी अंगणात फुलवून आत आणतात आणि दार किलकिलं ठेवतात. इथं दार घट्ट आणि बुखारी रात्रंदिवस चालू. लाकडाच्या धुरानं माझे डोळे बिघडतील म्हणून तिच्यात लोणारी कोळसा घालायचा, एवढी मात्र माझी काळजी होती.

बारसं जवळ आलं तेव्हा एकदा सासूबाईंनी परसात नळीपाशी हात धरून बघितला. त्यांचं बोलणं मला भिंतीतून ऐकू आलं.

"आरं, ऊब समदी भाईर चाललीया. आपून काय गाव शेकायला बसलूया का?"

हवालदारांनी विचार केला. तिथंच घात झाला. म्हणाले, "कोळशाला धूर नसतुया, आई. धूर न्हाई, तर नळी उघडी कशाला?"

आणि त्यांनी ओल्या पोत्याचा बोळा करून बाहेरून नळीत ठोकून बसवला. काय ती अक्कल! पलटणीत बंदुकीची नळी तुंबली तर काय होतं ते ह्यांना शिकवलंच असणार. पण घरची नळी वेगळी, तिला कसलं शिक्षण लागतंय!

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत माझं डोकं ठणकायला लागलं. उलटी झाली. पोर पीत नव्हती. तोंडात दूध घातलं तर ओठाच्या कडेनं ओघळायचं. मी म्हटलं, "आत्याबाई, दार उघडा. जीव घाबरा होतोय. पोरगी पीत न्हाई."

"गुणाची हाय. रडत न्हाई, वरडत न्हाई. तू बी गप पड."

मी पोरीचा हात उचलला तर तो तसाच खाली पडला. मी भ्याले.

माझा चेहरा बघून सासूबाईंना शेवटी काहीतरी सुचलं. काय सुचलं? दृष्ट! सगळं गाव बुखारी बघून गेलं ना! दाराबाहेरून हवालदारांनी हुकूम सोडला, "मिरच्या बुखारीतच टाक, आई." मीठ, मोहरी, मूठभर लाल मिरच्या आम्हा मायलेकींवरून उतरवल्या आणि बुखारीत टाकल्या. ठसका लागला नाही तर दृष्ट लागलेली, हे आमच्याकडचं माप.

ठसका? नळीत बोळा. मिरच्यांचा सगळा खकाणा खोलीत उलटला. सासूबाई खोकत, शिंकत दार ढकलून पळाल्या. दारातले हवालदार नाकतोंड दाबून गोठ्याकडं गेले. बाहेरून सासूबाई खोकता खोकता ओरडत होत्या, "ठसका लागला गं! दृष्ट न्हवती!" मीही खोकून खोकून अर्धी झाले. आणि मग माझ्या ध्यानात आलं, त्या खोलीत खोकत नव्हतं असं एकच माणूस होतं. माझ्या कुशीतली पोरगी साधं शिंकली पण नव्हती.

तिला छातीशी धरून भिंतीच्या आधारानं मी अंगणात आले. पदर कुठं होता, देवाला ठाऊक.

हवालदार आईकडं बघून म्हणाले, "तिला सांग, पोरीला वारं लागंल. आत घेऊन जा म्हणावं."

"त्यांना काय सांगता? मला सांगा!" मी त्यांच्या तोंडाकडं बघून ओरडले. "वारं लागू द्या! आन् तो बोळा काढा आधी. माझी पोर मारली तुमी!"

ते मग परसाकडं धावले. मी तिला पालथी घातली, पाठ चोळली, तळवे चोळले, तोंडात फुंकर घातली. काही नाही. पुन्हा चोळलं. गार वाऱ्यानं माझेच दात वाजत होते. मग तिला एक बारकी उचकी लागली, तिनं तोंड वाकडं केलं आणि टाहो फोडला.

हवालदार हातात तो काळा बोळा घेऊन परत आले आणि दूरच थांबले. शेजारपाजारच्या बाया कुडावरून डोकावत होत्या. सासूबाईंना लाज वाटली.

"अगं, गप कर की तिला. समदं गाव ऐकतंया."

"न्हाई करणार," मी म्हटलं.