म्हस्कूने घातलेले आकडे

निजामाच्या वेळच्या जालना-अंबड सडकेवर म्हस्कू मैलकुली होता. एका मैलातले खड्डे बुजवायचे, गवत काढायचं, झाडं जगवायची, एवढंच त्याचं राज्य. पण त्या राज्यातला रुबाब बघावा. १९८१ साली त्याने दोन्ही कडांना कडुलिंब लावले. उन्हाळ्यात बायको सुगंधाबाई घागरीने पाणी घाली. शेळ्यांनी तोंड लावू नये म्हणून तो बाभळीचे काटे बांधी. पलीकडच्या मैलावर रामकिसन. दोघांनी पंधरा-सोळा वर्षं एका फडक्यातली भाकरी खाल्ली.

पुढे रामकिसन मुकादम झाला. १९९९च्या थंडीत तो रंगाचा डबा घेऊन आला.

"झाडांवर नंबर टाकायचेत. तुझ्याएवढं बराबर कोण टाकणार?"

"कशापायी?"

"मोजदाद हाय. नंबर पडला की झाड कागदावर चढलं."

कागदावर चढलं म्हणजे आता कुऱ्हाड लावायची कोणाची छाती नाही, असं या भोळ्या माणसाने धरलं. तीन दिवस तो साल खरवडून आकडे काढत होता. झुडपाआड दडलेलं एक किरकोळ झाडही त्याने हुडकलं. ते बिचारं वगळलं जाऊ नये म्हणून. एकशे सदतीसला रंग संपला. एकच झाड उरलं होतं. त्याने आणखी रंग मागितला, तर रामकिसन दुसरीकडे बघत म्हणाला, "राहू दे एखादं."

फाल्गुनात करवतवाले आले. रस्ता रुंद व्हायचा होता. आकडे वाचत वाचत ते एकेक झाड आडवं करत चालले. म्हस्कू धापा टाकत मुकादमाकडे गेला.

"तुला म्हाईत होतं?"

"होतं."

"मंग माझ्याच हातानं?"

"दुसऱ्यानं टाकले असते तर चार-दोन सुटली असती. सायबाला एक बी सुटायला नको होतं. आन तुला सांगितलं असतं, तर तू टाकले असते का?"

म्हस्कू माघारी फिरला. झाडं तुटल्याचं दुःख होतंच, पण आपल्या मायेचाच यानं असा उपयोग करून घेतला, हे त्याच्या काळजाला लागलं. सुगंधाबाईला सांगायचीही त्याला लाज वाटली.

आकडा नव्हता म्हणून ते शेवटचं झाड वाचलं. भर उन्हात सावली तेवढीच. रामकिसन तिथे बसून डबा उघडतो आणि हाक मारतो, "ये म्हस्कू, भाकर खाऊ."

म्हस्कू आपलं फडकं घेऊन उन्हात बसतो.