फ्रिजवरचा किल्ला

आज फ्रिज पुसताना त्यावर चिकटवलेला चुंबकाचा किल्ला हाती आला, आणि त्याच्या बुरुजाच्या खाचेतली जुनी हळद नखात शिरली. हा घरात आला तेव्हा धाकटी जाऊ भूमध्य समुद्राच्या काठचे किल्ले पाहून पुण्याहून आर्णीला आली होती. मी नुकतीच कापूस वेचून शेतातून परतले होते, बोंडांनी बोटं ओरबाडलेली. तिने मोबाइल पुढे केला: खाली निळंशार पाणी, वर पिवळ्या दगडांचा किल्ला आणि तटावर केस उडवत उभी ती. "ताई, चढून चढून पायांचे तुकडे पडले माझ्या," ती म्हणाली. सासूबाईंच्या लेखी लांबून फिरून आलेलं माणूस म्हणजे यात्रा करूनच आलेलं. "तिचे पाय धू वं बाई, लई दुरून आली," त्यांनी मला फर्मावलं. थोरली असून मी परात आणली. मऊ, गोरे पाय, टाचेला एक भेग नाही. मी मुद्दाम रांजणातलं गार पाणी ओतलं. "अहाहा, किती बरं वाटतंय!" म्हणत तिने डोळे मिटले, तेव्हा मी आणखीच जळले. तिने आणलेला हा किल्ला सासूबाईंनी देवापुढे ठेवून त्याला हळदकुंकू वाहिलं, आणि मलाही हात जोडायला लावले. पुढे तो देवघरातून मीच इथे आणून लावला. आलेल्या बाया विचारतात, "तुमी गेलत्या काय जी तिकडे?" मी नाही म्हणत नाही. "चढण लई आहे बाई तिथली," एवढंच म्हणते, आणि आपलेच पाय चेपत बसते.