विलासला कळवायचं राहिलं नाही, मी कळवलं नाही

हे नवऱ्यालाही पूर्ण ठाऊक नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून जीभ उचलतेय — नाहीतर उचलली नसती.

चार वर्षांपूर्वी शौचाला रक्त जायला लागलं, म्हणून वर्ध्याला माझी दुर्बिणीची तपासणी झाली. मोठ्या आतड्यात एक कोंब निघाला. पॉलिप म्हणतात त्याला. डॉक्टरीणबाईंनी तो तिथल्या तिथे काढला. रिपोर्ट आल्यावर म्हणाल्या, कॅन्सर नाही, पण तसाच राहिला असता तर पुढे झाला असता. मी सुटले. मग म्हणाल्या, हे घराण्यात चालत येऊ शकतं, सख्ख्या भावाबहिणींनाही तपासून घ्यायला सांगा, काही त्रास नसला तरी. मी हो म्हटलं. नवरा तेव्हा खाली औषधं घ्यायला गेला होता.

मला एकच भाऊ — विलास, धाकटा, सेलूला किराणा दुकान चालवतो. फोन करायला कितीसा वेळ लागतो? पण त्याच महिन्यात माझ्या मुलीचं, पल्लवीचं, लग्न जुळत होतं. मुलाच्या आईने चहा पिता पिता विचारलं, घराण्यात काही दुखणंखुपणं? छे, आम्ही सगळे ठणठणीत, मी म्हटलं. आता विलासला कसं सांगणार? त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. आणि लाजही होतीच — खोटं कशाला बोलू? हृदयाचं दुखणं चारचौघांत सांगता येतं. हे कोणत्या तोंडाने सांगायचं? नातेवाइकांना मी पित्त म्हणून सांगितलं होतं.

लग्नानंतर सांगू, असं ठरवलं. लग्न झालं. मग पल्लवीचं बाळंतपण आलं. मग — मग काहीच नव्हतं, तरी सांगितलं नाही.

इथवरच्याला भित्रेपणा म्हणता येईल. पुढच्याला काय म्हणायचं?

गेल्या भाऊबीजेला विलास आला. त्याला आयुष्य मागून मी ओवाळलं. पाटावरून उठता उठता तो हळूच म्हणाला, "ताई, दोन महिन्यांपासून रक्त पडून राह्यलं. मूळव्याध असंन."

मला सगळं आठवलं. डॉक्टरीणबाईंचा आवाजसुद्धा. तेव्हा तरी बोलायचं ना? पण मग विचारलं असतं त्याने — तुले कधीपासून माहीत होतं? मी म्हटलं, "तिखट कमी खाजो. ताक पेजो."

तो ताक पीत राहिला. उन्हाळ्यात पार वाळला, तेव्हा मीच त्याला ओढत नागपूरला नेलं. कॅन्सर. यकृतापर्यंत गेलेला. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, घरात कोणाला आतड्याचं काही झालं होतं का? मी शेजारच्याच खुर्चीवर होते. विलासने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "नाई जी, आमच्या घरात कोणालेच नाई."

मी मान डोलावली.

आता केमो चालू आहे. दर खेपेला मी सोबत जाते. बहीण असावी तर अशी, असं सेलूत लोक म्हणतात, आणि मी ते ऐकून घेते. माझी मला किळस येते, तरी ऐकून घेते.

परवा सलाईन चालू असताना विलास म्हणाला, "ताई, तू ओढत नेलं म्हणून मी जित्ता आहो."

मी म्हटलं, "झोप आता."

माझा हात धरून तो झोपला.