निळ्या कापडाची बरणी

पडदा वर जातो तेव्हा समोर एक स्वयंपाकघर दिसतं. दुसऱ्या मजल्यावरचं, चिंचोळं, एकाच खिडकीचं, आणि त्या खिडकीच्या काचेवर वाफ धरलेली. मधोमध शेगडी, शेगडीवर जाड बुडाचं रुंद पातेलं, आणि पातेल्यात संत्र्याच्या सालीचा मुरंबा रटरटतोय. उजवीकडच्या फळीवर बरण्यांची रांग. प्रत्येक बरणीच्या झाकणावर कापडाची टोपी, दोऱ्याने आवळून बांधलेली. एक राजाच्या झग्याच्या लाल मखमलीची, एक शिपायाच्या खाकीची, एक चेटकिणीच्या काळ्या जाळीची. सगळा पात्रवर्ग नटूनथटून विंगेत उभा राहावा तशा त्या बरण्या उभ्या. फक्त रांगेच्या डाव्या टोकाला एका बरणीपुरती जागा मोकळी. तिथे कधी काही ठेवलं जात नाही. धूळ मात्र नेमाने पुसली जाते.

पातेल्यापाशी डाव घेऊन उभी आहे ती ताई. तिचा उभा जन्म एका नाट्यगृहाच्या तळघरात, कपडेपटात गेला. राजाचं पोट सुटलं की झगा ताई उसवणार, नायिकेची बाही प्रवेशाच्या तोंडावर फाटली की दातात सुई धरून ताईच धावणार. तिला नावाने कुणी हाक मारल्याचं ऐकिवात नाही. मालकांपासून झाडूवाल्यापर्यंत ती सगळ्यांची ताई, आणि वयाने मोठी असलेली माणसंही त्यात काही वावगं मानत नसत.

हंगामाचा शेवटचा प्रयोग झाला की ताई प्रत्येकाला मुरंब्याची एक बरणी द्यायची. ज्याने जी भूमिका केली त्याच्या पोशाखाच्या उरल्यासुरल्या कापडाची टोपी त्याच्या बरणीला. देणं सढळ हाताचं, पण अट एकच. बरणी रिकामी झाली की धुऊन, उन्हात वाळवून परत आणायची. आली तर पुढच्या हंगामात भरून मिळेल. नाही आली तर नाही.

एकदा एका बड्या नटाने बरणी हरवली. त्याने ताईसमोर गुडघे टेकले, आवाज कापरा केला, डोळ्यांत पाणीसुद्धा आणलं. ताईने सगळं शांतपणे पाहून घेतलं आणि म्हणाली, "छान झालं. आता बरणी आणा." त्याला पुढे कधी मुरंबा मिळाला नाही.

या अटीला कधी चुकले नाहीत ते एक प्रॉम्प्टर काका. आयुष्यभर विंगेतून कुजबुजून कुजबुजून त्यांचा आवाज तसाच बसलेला. चहासुद्धा असा मागायचे की एखादं गुपित सांगताहेत. नाट्यगृह बंद पडलं, मंडळी पांगली, तरी काका दर हंगामाला स्वच्छ बरणी घेऊन ताईच्या दारात हजर. आणि आले की बसून साली चिरून देत. जाड्याभरड्या चिरत. ताई काही बोलत नसे, कारण बारीक चिरणारा हात गेला होता.

तो हात धाकटीचा.

ताई आणि तिची धाकटी बहीण, दोघी लहान वयात पोरक्या झालेल्या. एकाच खोलीत वाढल्या, एकाच कपडेपटात लागल्या. मुरंबाही दोघींचा. धाकटी सालीचे केसासारखे काप काढायची, ताई ढवळायची. धाकटीची जीभ तिच्या सुरीपेक्षा धारदार होती. "ताई, तू पातेल्यावर अशी उभी राहतेस, जणू ते उठून पळून जाणार आहे," असं म्हणायची.

पळून गेलं नाही कुणी. रीतसर सांगून गेली. रंगमंचाचे दिवे दुरुस्त करायला आलेल्या तंत्रज्ञाशी तिचं जमलं. माणूस चांगला होता, ताईला त्याच्यात खोट काढता आली नाही आणि त्याचाच तिला जास्त राग आला. त्याची बदली लांबच्या गावी झाली आणि जायचं ठरलं ते नेमकं संत्र्यांच्या दिवसांत.

"संत्री तरी संपू द्यायची होतीस," ताई म्हणाली.

"संत्री दरवर्षी येतात गं."

"आणि तू?"

धाकटी हसली आणि सामान बांधायला गेली. बस.

धाकटी निघायची त्या सकाळी ताईने एकटीने पातेलं चढवलं. तिला बरोबर बरणी द्यायची होती. पण लक्ष सगळं बाहेरच्या खोलीकडे, तिथे दोरी आवळल्याचा आवाज येत होता, कपाटाचं दार वाजत होतं. मुरंबा बुडाला लागला. लागला तर लागला, वरचा अलगद काढून घ्यायचा, तळाला हात लावायचा नाही, हे ताईने इतरांना शेकडो वेळा शिकवलेलं. त्या दिवशी मात्र तिने रागारागाने तळ खरवडला आणि जळकी खरपुडी सगळ्यात कालवून टाकली. दुसरा करायला वेळ नव्हता. तोच भरला. वर निळ्या साटिनची टोपी बांधली. दोघींनी मिळून शिवलेल्या पहिल्या पोशाखाचा तो तुकडा होता. धाकटीच्या हातात बरणी दिली, आणि मनाशी म्हणाली, परत येईल तेव्हा असा सुंदर भरून देईन की हे विसरेल.

उरलेला तिने ओतून दिला. नवा केला. फळीच्या डाव्या टोकाला जागा मोकळी ठेवली आणि धाकटीच्या बरणीची वाट बघू लागली.

वर्षभराने फोनवर ताईने आडून विचारलं, "बरणी रिकामी झाली असेल ना?"

"नाही गं, अजून संपली नाही."

ताईला ते झोंबलं. घरात दोन माणसं, आणि वर्षभरात एक बरणी संपत नाही? म्हणजे घशाखाली उतरत नाही. म्हणजे जळका दिलास हे धाकटी तिच्या पद्धतीने ऐकवते आहे. पुढच्या वर्षी विचारलं, तेच उत्तर. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच, आणि वर एक हसू. मग ताईने विचारणं सोडलं. हळूहळू फोनही लग्नकार्य आणि आजारपणापुरते उरले. सुंभ जळतो पण पीळ राहतो म्हणतात. ताईचा मुरंबा जळला होता, पीळ शाबूत होता.

प्रॉम्प्टर काका मधून मधून कुजबुजत, "ताई, पाठवून द्या की एक नवी बरणी. नियम तुमचाच आहे, सरकारी थोडाच आहे?"

"आधी ती परत येऊ दे."

"विसरलेलं वाक्य समोरच्याला सुचवावं लागतं, ताई. नुसतं बघत राहिलं तर नाटक अडतं."

"तुम्ही साली चिरा."

आणि मागच्या उन्हाळ्यात धाकटी गेली. ताई शेवटच्या निरोपाला पोहोचली, मागच्या रांगेत उभी राहिली, आणि बहिणीच्या घरात पाऊल न टाकता तशीच परतली. गेली असती तर तिथल्या फळीवर तिला दिसलं असतं. पण गेली नाही.

तर आता पुन्हा त्या वाफाळलेल्या स्वयंपाकघरात. ताई ढवळते आहे. काका साली चिरताहेत, त्यांची धुतलेली बरणी टेबलावर. दारावरची घंटा वाजते. दारात धाकटीची मुलगी. भाची आता याच शहरात बस चालवते, अंगावर कामाचा गणवेश तसाच.

"मावशी, मधल्या सुट्टीत आलेय. लगेच गाडी काढायची आहे." तिने पिशवीतून एक बरणी काढली. निळं साटिन धुऊन धुऊन पांढुरकं पडलेलं. "आईने जाताना सांगितलं, ताईची आहे, परत कर."

बरणी रिकामी नव्हती. तळाशी काळपट, घट्ट, मधासारखं चकाकणारं काहीतरी उरलं होतं.

"एवढी वर्षं?" ताईच्या तोंडून निघालं. "आवडला नव्हता ना तिला?"

"आवडला नव्हता?" भाची हसली. "हात लावू द्यायची नाही कुणाला. तिच्या वाढदिवसाला एक चमचा. आम्हाला चमच्याचं टोक. बाबांनी एकदा चोरून खाल्ला तर दोन दिवस अबोला."

"मग संपवायचा. परत पाठवायची. मी दुसरा भरून..."

"मी म्हटलं होतं तिला तसं. तर म्हणाली, रिकामी पाठवली आणि ताईने भरून पाठवलीच नाही तर? त्यापेक्षा असू दे. जोवर संपली नाही तोवर काही संपलं नाही."

ताईच्या हातातला डाव थांबला. किती वेळ थांबला ते तिला कळलं नाही, काकांनाही नाही. आधी वास आला. मग तळातून एक जाड बुडबुडा फुटला.

"ताई, लागतोय," काका उठले आणि त्यांनी शेगडी बंद केली. ओरडायला गेले, पण आवाज कुजबुजीचाच निघाला.

भाचीने मात्र डोळे मिटून वास घेतला. "हाच. मावशी, हाच तो वास. मी बाजारातला मुरंबा आणायचे ना, तर आईला म्हणायचे, हा नकली आहे, ह्याला तो करपट वास नाही. आई खूप हसायची. का ते कधी सांगितलं नाही."

ताईने ती निळी बरणी घेतली. जुना उरलेला तसाच राहू दिला. मग डाव पातेल्यात खोल घातला आणि तळ खरवडला, आवाज येईपर्यंत खरवडला, आणि ती जळकी खरपुडी नव्या मुरंब्यात कालवून बरणी काठोकाठ भरली. साटिनची टोपी बांधताना दोऱ्याची गाठ तिला जमेना. सुईत दोरा एका फटक्यात ओवणारी बाई ती. भाचीने बोट ठेवून गाठ धरली.

"परत कधी आणू?" भाचीने विचारलं.

ताईने मान हलवली, नाही म्हणून. भाचीला ते नीट उमगलं नाही बहुतेक, पण गाडीची वेळ झाली होती. जिन्यावर तिचे बूट वाजत गेले, खाली दार आपटलं.

काकांनी चिरलेल्या साली एका बाजूला सारल्या. मग काहीतरी करायचं म्हणून त्यांनी आपली धुतलेली, उन्हात वाळवलेली बरणी उचलली आणि नेहमीसारखी ताईपुढे धरली. ताईने फळीवरच्या मोकळ्या जागेकडे पाहिलं, मग काकांच्या हातातल्या बरणीकडे.

"राहू द्या तुमच्याकडेच," ती म्हणाली. "तुम्ही तेवढे येत जा. बरण्या घेऊन काय करायचं होतं मला?"