कुंदाचा ओव्हर

कुंदा गेल्याचं मला ओव्हरमध्ये कळलं. बाहेरच्यांसाठी सांगते, ड्युटी बदलताना जाणारी सिस्टर येणारीला एकेका पेशंटची हकीकत सांगते, त्याला आम्ही ओव्हर देणं म्हणतो. त्या सकाळी नाइटवाली पोरगी घाईत होती. बेड एक ते बारा भराभर उरकले आणि वही मिटता मिटता म्हणाली, "कॅज्युअल्टीत काल एक बाई आणलेली, रस्त्यातच गेली होती. ट्रक चालवायची म्हणे, बाई असून." मी नाव विचारलं. तिने वही परत उघडली... कुंदा म्हात्रे, राहणार दिघाशी. मी तिला म्हणाले, ट्रकवाली काय म्हणतेस गं, ह्याच वॉर्डात एकोणीस वर्षं सिस्टर होती ती. पोरगी ओशाळली. मी पुढच्या आठ तासांत सगळी इंजेक्शनं वेळेवर दिली आणि घरी जाऊन, चपलाही न काढता, मोरीत बसून रडले.

आता महिना होऊन गेला. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहायचं असतं, पण मी खरं लिहिणार आहे. मला कुंदाचा हेवा वाटायचा. थोडाथोडका नव्हे, चांगलं पोटात दुखायचं माझ्या. आम्ही एकाच आठवड्यात कामाला लागलो. मी शहरातली, मास्तरांची मुलगी, माझे चार्ट बघून डॉक्टर म्हणायचे की छापल्यासारखं अक्षर आहे. ती दिघाशीच्या खेड्यातली, मोठ्याने बोलणारी, वॉर्डात जांभया देणारी. शीर मला पहिल्या फटक्यात सापडायची, पण घरी जाताना पेशंट विचारणार, "ती सावळी सिस्टर कुठे आहे? तिला सांगून जायचंय." नाडी बघताना आम्ही पंधरा सेकंद मोजतो आणि चाराने गुणतो. कुंदा मनगटावर तीन बोटं ठेवून पूर्ण मिनिट उभी राहायची. मी चिडायचे, अगं अजून दहा जण आहेत. ती शांतपणे म्हणायची, "ऱ्हाऊ दे गं सुमन. त्याला बी वाटू दे कुणीतरी जवळ हाय." मला हे सुचलं नव्हतं, आणि सुचलं नव्हतं ह्याचाच राग यायचा.

पण खरं दुखणं निघालं ते ट्रकवरून. आमच्या वॉर्डाच्या खिडकीतून गोदामांकडे जाणारा रस्ता दिसतो. एकदा दुपारी, दोघी पाय दुखून भिंतीला टेकलो होतो, तेव्हा मी म्हणाले, "ट्रकवाल्यांचं बरं आहे. समोर रस्ता, मागे कापडाचे तागे. तागे कण्हत नाहीत, बेल मारत नाहीत." मी म्हणाले आणि विसरले. कुंदा नाही विसरली. आम्ही दोघींनी शिकाऊ लायसन काढलं होतं, स्कूटरच्या नावाखाली चारचाकीचंही. माझं सहा महिन्यांत बाद झालं. सासूबाईंचं ऑपरेशन, मुलाची दहावी, काय काय निमित्तं होती. तिने पक्कं काढलं, पुढे जड वाहनाचं काढलं, आणि एके दिवशी राजीनामा देऊन जुना सहा चाकी ट्रक दारात उभा केला. मालकीण ती, ड्रायव्हर ती. नवरा कधीच वारलेला, मूलबाळ नाही, भाऊ वसंत पाठीशी उभा. वर भेटेल त्याला सांगायची, "ही आयडिया माझी न्हाय, आमच्या सुमनची हाय." लोक माझ्याकडे कौतुकाने बघायचे आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. वाक्य माझं आणि ट्रक तिचा.

ट्रकच्या पूजेला आम्ही वज्रेश्वरीला गेलो. मी त्या ट्रकमध्ये बसले ती तेवढी एकदाच. चढताना साडी पायात आली, कुंदाने वरून हात दिला. तिने चावी फिरवली आणि लगेच निघाली नाही. स्टिअरिंगवर तीन बोटं ठेवली, घड्याळाकडे बघत गप्प बसली... पूर्ण मिनिट. मी विचारलं काय करतेस, तर म्हणाली, "नाडी बघतंय." मग माझ्याकडे बघून हसली आणि गियर टाकला. शेलार गाव येईपर्यंत मी खिडकीबाहेरच बघत बसले. एवढ्या उंचावरून रस्ता किती चांगला दिसतो, हे मला तिच्याकडून ऐकायचं नव्हतं.

त्यानंतर तिचे फोन सुरू झाले. माल पोचवला, की ती मला ओव्हर द्यायची. "सुमे, ओव्हर घे. पेशंट स्टेबल हाय. सकाळी दुसऱ्या गियरनी जरा तरास दिला." मग गियरचं, आरशाचं, टायरचं सगळं दुखणं सांगून झालं, की वाटेत काय पाहिलं ते. इंदूरचे पोहे, इचलकरंजीचा चहा, कुठल्याशा ढाब्यावरच्या म्हातारीचं बीपी बघून दिल्यावर तिने बांधून दिलेले पराठे. इतर ड्रायव्हरही तिला सिस्टरच म्हणायचे. मला तीस वर्षं "ओ सिस्टर, सलाईन संपली" एवढंच ऐकू आलंय. मी "हं" म्हणायचे. पुन्हा "हं". तिची पाठदुखी थांबली होती, चेहरा काळवंडला होता आणि शोभत होता. इकडे माझ्या पायांच्या शिरा फुगल्या होत्या.

गेल्या वर्षी एकदा मी डबल ड्युटी करून बसले होते. एक पेशंट गेला होता, नातेवाईक माझ्या अंगावर धावून आले होते. तेवढ्यात हिचा फोन. नर्मदेच्या पुलाजवळ गाडी लावून चहा पीत होती. पाणी कसं दिसतंय ते सांगायला लागली आणि माझा तोल सुटला. म्हणाले, "कुंदा, तुझा ओव्हर मला नको. ही माझी ड्युटी नाही." पलीकडे ट्रक जात असल्याचा आवाज येत राहिला. मग ती म्हणाली, "बरं, न्हाय देत... पोचले एवढं तरी कळवू का?" मी म्हणाले, मिस्ड कॉल दे.

तिने शब्द पाळला. तेव्हापासून फोन एकदा वाजायचा आणि बंद व्हायचा. मी उलटा फोन कधी केला नाही. मनात यायचं, पण आता मीच का नमतं घ्यायचं, असंही यायचं. शेवटचा मिस्ड कॉल संध्याकाळी आला. मी कणीक मळत होते, हात भरलेले. यजमानांना म्हणाले, "आल्या वाटतं महाराणी." त्यानंतर तासाभरात गोदामाच्या आवारातच तिच्या छातीत कळ आली, असं पुढे कळलं. तिने गाडी नीट लावली होती, मला कळवलं होतं. बाकी काय काय सांगायचं होतं ते तिच्याकडेच राहिलं, आणि ते माझ्यामुळे राहिलं.

तेराव्यानंतर वसंतचा फोन आला. म्हणाला, गाडी इस्माईलभाई ड्रायव्हरांना दिलीय, ताईला मालावर दोर बांधायला त्यांनीच शिकवलं होतं, पण केबिनमधल्या सामानाला माझा हात लागत नाही, तुम्ही या. मी गेले. कंगवा, स्टीलचा डबा, बीपीचं मशीन, एक स्वेटर. पिशवी भरून उतरले तर इस्माईलभाई खाली उभे. म्हातारा भला माणूस. म्हणाले, "सिस्टर, गाडी का मिजाज किसी को मालूम हो तो बता दो. वसंतभाई को तो कुछ पता नहीं."

मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि माझंच मला ऐकू यायला लागलं. दुसरा गियर थंडीत रुसतो, आधी तिसऱ्यात घालून मग मागे घ्या. डावा आरसा घाटात सैल होतो. मागचा डावीकडचा आतला टायर दोन दिवसांत हवा सोडतो. डिझेलचा काटा अर्ध्यावर अडकतो, त्याच्यावर विसंबू नका. मी थांबेचना. इतकी वर्षं मी नुसतं "हं" म्हणत होते आणि सगळा ओव्हर घेत होते, एक अक्षर सांडलं नव्हतं. वसंत तोंड फिरवून उभा राहिला. इस्माईलभाईंनी हात बांधून सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "और कुछ, सिस्टर?"

तीन बोटांचं माझ्या ओठांवर आलं होतं. मी म्हणाले, "नहीं, बस इतना ही." ते वर चढले, चावी फिरवली आणि लगेच गियर टाकला. सांगायला हवं होतं, मला कळतंय. अपुरा ओव्हर दिला म्हणून मी पोरींना किती वेळा झापलंय. पण तेवढं मला कुणाला द्यायचं नव्हतं.

हल्ली मी नाडी पूर्ण मिनिट मोजते. मागे नाइटवाली पोरगी वही घेऊन उभी असते, तिची रिक्षा चुकत असते. "सिस्टर, ओव्हर घेता ना?" म्हणते. मी बोटं हलवत नाही. थांब म्हणते तिला.