त्रेपन्नने भाग जातो

बाई खडू थेट समोरच्याच्या नाकाजवळ न्यायच्या आणि विचारायच्या, "भाग देऊन पाह्यला का?" समोर पोरगं असो, मुख्याध्यापक असो, नाहीतर चहावाला. यंदा तलाव भरणार नाही असं कोणी म्हणालं, तरी बाईंचं तेच. असं एक माणूस तुमच्याही गावात असेल. लोक त्याच्यापासून दोन हात लांबच राहतात.

सिंदेवाहीजवळच्या आमच्या शाळेत त्या गणित शिकवायच्या, मी मराठी. सातवीच्या वर्गात प्रत्येकाला त्या एकेक मूळ संख्या वाटून द्यायच्या. मूळ म्हणजे जिला एक आणि ती स्वतः सोडून कशानेच भाग जात नाही अशी. मग ट्रकचा नंबर दिसो की सिलिंडरवरचा, ज्याने त्याने आपल्या आकड्याने भाग देऊन पाहायचा. दोन, तीन, पाचवाली पोरं मिरवायची. तलावावर मासे धरणाऱ्या एका ढिवराच्या पोरीला त्रेपन्न आला होता. बिचारीचा आकडा कुठेच लागेना.

"बाई, मले बदलून द्या ना."

"रोजच जाळ्यात मासोळी येते का वं? तुह्या बापाले विचार."

तपासणीला येणाऱ्या शिक्षणाधिकारी साहेबांची भेट ठरली तशा मुख्याध्यापकांनी शाळेच्या भिंती बोलक्या करायला घेतल्या. फळं, प्राणी, पाढे, आणि व्हरांड्यात हातभर लांब १११११११११११११. तेरा एक. खाली लिहिलं, 'ही मूळ संख्या आहे.'

"भाग देऊन पाह्यला का सर?"

"अकरापर्यंत पाह्यलं बाई. एवढी मोठी संख्या, नुसते एकच एक. कशानं भाग जाईन?"

"मोठी हाये म्हणून भाग जात नाई, हे कोनं सांगतलं तुमाले?"

रंग वाळलाय, आता राहू द्या, असं म्हणून ते निघून गेले. बाईंनी ती संख्या वर्गाला घरी करायला दिली.

भेटीच्या दिवशी बाईंना मुद्दाम खिचडीच्या पातेल्याजवळ उभं केलं होतं, साहेबांना काही विचारतील म्हणून. साहेब भिंतीसमोर थांबले, कौतुक करू लागले. तेवढ्यात ती पोरगी पुढे झाली. आनंदाने तिचा चेहरा नुसता फुलला होता.

"साहेब, हे मूळ नाई. माह्या त्रेपन्ननं भाग जाते. बाकी शून्य."

साहेबांच्या हातात फोन होता. चार बोटं चालवली असती तर कळलं असतं. पण ते हसले आणि मुख्याध्यापकांकडे पाहू लागले. मुख्याध्यापकांचा चेहरा उतरला. ते पोरीकडे वळले.

"चूक लिहू का आमी भिंतीवर? म्हण, मूळ हाये."

तिने इकडेतिकडे पाहिलं. बाई नव्हत्या. "मूळ हाये," ती म्हणाली. साहेबांनी टाळ्या वाजवल्या, मागोमाग सगळ्यांनी. त्या टाळ्या आठवल्या की अजून माझं डोकं फिरतं. पोरीने खरं शोधून आणलं होतं, आणि शाळेने, हो, शाळेने, तिच्या तोंडून खोटं वदवून घेतलं.

बाईंना कळलं तेव्हा त्या पातेलं सोडून आल्या. साहेबांसमोरच भिंतीवर खडूने अख्खा भागाकार मांडला, बाकी शून्यापर्यंत. मग म्हणाल्या, "आता माफी मागा पोरीची. इथीच."

कोणी मागितली नाही. भागाकार पुसला गेला. बाईंना उद्धटपणाची नोटीस आली आणि मागून बदली, तिकडे लांब जंगलात, मुलचेऱ्याकडे. निघताना त्या मला म्हणाल्या,

"सर, भिंतीचं मरू द्या. तिच्याकडे पाहा."

भिंत अजून तशीच आहे. पोरगी आता आठवीत, माझ्या वर्गात आहे. कवितेचा अर्थ विचारा नाहीतर साधा काळ ओळखायला सांगा, ती आधी माझ्या तोंडाकडे पाहते. परवा मला राहवलं नाही. फळ्यावर तेरा एक लिहिले आणि बाईंसारखाच खडू तिच्या नाकाजवळ धरला.

"भाग देऊन पाह्यला का?"

तिने खडू घेतला. फळ्यापर्यंत गेली. मग वळून हळूच म्हणाली,

"सर, तुमाले कोन्तं उत्तर पाह्यजे?"